खटका कुणाच्या भरवशावर?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत एका नामवंत हिंदी चित्रपट अभिनेत्याच्या पायात गोळी शिरली. गोळी त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची होती. बाहेरगावी निघण्यापूर्वी ते कपाटात ठेवताना हातून निसटले, खाली पडले आणि बार उडाला, असे तेव्हा सांगण्यात आले. सुदैवाने प्राणावर बेतले नाही. पुढचे दोन-तीन दिवस घरोघरी चर्चा झाली ती मात्र भलत्याच गोष्टींची. इतक्या पहाटे रिव्हॉल्व्हर कशाला काढले, घरात आणखी कोण होते, खरे काय आणि खोटे काय. एक साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. हातातून पडलेले हत्यार उडतेच कसे? कपाटातून पडलेली कात्री आपोआप कापत नाही. सुरी पडली तर पायाला लागेल, पण ती स्वतःहून चालत नाही. मग चाप ओढल्याशिवाय चालायचे नाही एवढेच ज्याचे काम, ते यंत्र चाप न ओढता चालते, याचा दोष कोणाचा?

बंदुकीशी आपल्यासारख्या पांढरपेशा माणसांचा संबंध येतो तो दुरूनच. माझा आला तो बँकेमुळे. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत बारा बोअरची दुनळी घेतलेले रखवालदार मी रोज पाहिले, आणि काही वर्षे करन्सी चेस्ट असलेल्या शाखेत होतो, तेव्हा तिजोरीच्या दारापाशी पहारा देणाऱ्या पोलीस गार्डाच्या हातातली रायफलही पाहिली. रोकड मोजणारा माणूस आणि रायफल यांच्यात त्या अरुंद बोळात जेमतेम चार हातांचे अंतर असे. कॅशियर बाई नोटांच्या बंडलांची ट्रॉली घेऊन त्या नळीसमोरून दिवसातून दहा वेळा जात. "साहेब, सेफ्टी लावलेली आहे," असे गार्ड म्हणे, आणि आम्ही निश्चिंत होत असू. त्या निश्चिंतपणाला आधार कशाचा, हा या लेखाचा विषय आहे.

आधी थोडे यंत्र समजून घेऊ. काडतुसाच्या बुडाला एक छोटी टोपी असते. तिच्यावर जोराने टोचले की आत ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. टोचण्याचे काम करते ती एक बारीक पिन, आणि पिनेवर हाणतो तो घोडा. घोडा बळकट स्प्रिंगने ताणलेला असतो. तो पुढे झेपावत नाही, कारण त्याच्या खाचेत पोलादाचा एक दात अडकलेला असतो. चाप ओढला की हा दात खाचेतून निसटतो. बस्स, एवढेच. खाच आणि दात एकमेकांना जिथे धरून असतात ती पकड मिलिमीटरच्या आसपासची, कधी त्याहूनही कमी. नवीन असताना तिच्या कडा धारदार असतात. हजारो वेळा घासून त्या गोल होतात.

जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागे. अर्धस्वयंचलित रायफलीत ते कष्ट नाहीत. गोळीमागच्या वायूचाच थोडा भाग वळवून बोल्ट मागे ढकलला जातो, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते, घोडा पुन्हा ताणला जातो आणि नवे काडतूस नळीच्या मुळाशी जाऊन बसते. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. चाप मात्र प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो, म्हणून 'अर्ध'. आपल्या पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षे दिसलेली एस.एल.आर. या जातीची. बेल्जियमच्या एफ.एन. कारखान्याच्या एफ.ए.एल. रायफलीवरून ती बेतलेली. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळात ती आपल्या सैन्यात रूढ झाली आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार होत राहिली.

या सोयीची किंमत अशी की, पहिला बार उडाल्यावर ही रायफल कधीच 'रिकामी' नसते. तिच्या पोटात काडतूस तयार, घोडा ताणलेला, आणि सगळा भार त्या मिलिमीटरभर पकडीवर. थ्री-नॉट-थ्रीच्या शिपायाला पुढच्या गोळीसाठी निदान हात हलवावा लागे, आणि हात हलवताना माणूस विचार करतो. इथे विचाराची ती फट बुजवलेली आहे. गोळी सुटल्यावरही बोट चापावर दाबलेलेच असते, तेव्हा घोडा परत सुटू नये म्हणून त्याला झेलून धरणारा आणखी एक बारीक आकडा आत असतो. तो झिजला किंवा त्याच्यात काही अडकले, तर एका ओढीत दोन गोळ्या जातात. आगकाडीचा तुकडा आत खुपसून एस.एल.आर. मशीनगनसारखी चालवल्याच्या हकिगती सैनिकांत प्रसिद्ध आहेत. शूरपणाची गोष्ट म्हणून त्या सांगितल्या जातात. मला त्या ऐकताना दुसरेच वाटते. ज्या यंत्राचा स्वभाव आगकाडीने बदलतो, त्याचा स्वभाव कचऱ्याच्या कणानेही बदलू शकेल.

आता तो खटका, म्हणजे सेफ्टी कॅच. तो लावला की नेमके काय होते? सामान्य माणसाची समजूत अशी की, बंदूक 'बंद' होते, जसा दिव्याचा खटका वर केला की वीज तुटते. बहुतेक रायफलींत तसे काहीच होत नाही. घोडा ताणलेलाच राहतो, काडतूस जागच्या जागी, पिन मोकळी. खटका अडवतो तो फक्त चाप. म्हणजे तुमचे बोट अडवले जाते, घोडा नव्हे. एस.एल.आर.चा खटका चापच रोखतो. अमेरिकेची एम-१६ आणि तिचे नागरी भावंड एआर-१५ यांचेही तेच. एआर-१५ चा खटका तर घोडा ताणलेला असल्याशिवाय लागतच नाही. म्हणजे 'सुरक्षित' ही खूण दिसते तेव्हा स्प्रिंग हमखास ताणलेली आहे असे समजावे. कलाश्निकोव्हचा उजव्या बाजूचा लांबलचक पत्रा जरा जास्त काम करतो. तो चाप अडवतो, बोल्ट पूर्ण मागे येऊ देत नाही, आणि बोल्टची खाच झाकून धूळही बाहेर ठेवतो. लावताना-काढताना त्याचा एवढा खणखणीत आवाज होतो की शेजारच्या खोलीत कळावे. सैनिक त्या आवाजाला नावे ठेवतात. मला तो त्या रायफलीचा सर्वात प्रामाणिक गुण वाटतो.

जॉन गॅरंड या अमेरिकी कारागिराने बेतलेली आणि १९३६ साली त्यांच्या सैन्याने स्वीकारलेली एम-१ रायफल या बाबतीत वेगळी. तिचा खटका घोड्यालाच अडकवून धरतो. दात झिजो, चाप हलो, घोडा जागचा हलत नाही. आपली जुनी थ्री-नॉट-थ्रीही याच वळणाची, तिचा खटका टोचणाऱ्या भागालाच धरतो आणि बोल्टलाही कुलूप घालतो. पण गॅरंडने हा खटका बसवला कुठे, तर चापाभोवतीच्या कड्याच्या पुढच्या अंगाला. तो काढायचा तर बोट कड्याच्या आत घालून पुढे ढकलायचे. म्हणजे सुरक्षितता संपवण्याच्या क्षणी बोट चापापासून दोन बोटांवर. थंडीने हात बधिर झालेला असेल, जाड हातमोजा असेल, तर काय होईल ते सांगायला नको. एका हुशार माणसाने एक दार भक्कम बंद केले आणि किल्ली खिडकीच्या गजाला टांगली, असा हा प्रकार.

आणि तरीही, हे सारे खटके ज्याच्यापुढे हतबल ठरतात असा एक अपघात आहे. त्यात चापाचा संबंध नाही आणि घोड्याचाही नाही. अनेक अर्धस्वयंचलित रायफलींत पिन मोकळी असते, तिला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. बोल्ट वेगाने पुढे येऊन थांबला की ही पिन स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन टोपीला हलकेच टेकते. एम-१ किंवा एआर-१५ मध्ये काडतूस भरून न उडवता बाहेर काढा, टोपीवर एक बारीकसा खळगा दिसेल. टोपी पुरेशी कडक असेल तर खळग्यावर निभावते. नरम असेल, किंवा काडतूस मॅगझिनमधून न येता सुटे एकेक भरले असेल, तर बोल्ट बंद होतानाच बार उडू शकतो. एम-१६ नवी होती तेव्हा, १९६३ च्या सुमारास, अमेरिकी हवाई दलाला हाच अनुभव आला आणि पिन हलकी करावी लागली. रशियाच्या सिमोनोव्हच्या एस.के.एस. रायफलीची गोष्ट आणखी विचित्र. गोदामात गंजू नये म्हणून तिला जाड ग्रीस फासून ठेवत. ते ग्रीस पिनेच्या भोकात गोठले की पिन पुढे अडकून बसते, आणि बोल्ट बंद करताच एक नव्हे तर ओळीने अनेक गोळ्या सुटू शकतात. जिला गंजापासून वाचवले तिनेच घात करावा! सेफ्टी लावलेली असली काय आणि नसली काय.

इथे स्वयंपाकघरात डोकावले तर मुद्दा लवकर कळेल. प्रेशर कुकरची शिट्टी अडकली तर वाफ साठते, पण झाकणावरचा तो छोटा व्हॉल्व्ह वितळतो आणि वाफ वाट काढते. वरण वाया जाते, छताला डाग पडतो, पण कुकर फुटत नाही. कुकर बनवणाऱ्याने गृहीत धरले आहे की एखादा भाग बिघडणारच, आणि बिघडला तर यंत्राने कोणत्या बाजूला कलायचे ते आधीच ठरवून ठेवले आहे. आगगाडीची व्हॅक्युम ब्रेकची नळी तुटली तर ब्रेक सुटत नाहीत, लागतात. गाडी थांबते, प्रवासी शिव्या घालतात, पण जिवंत राहतात. जुन्या सिग्नलची तार तुटली तर हात 'थांबा' या खुणेवरच येतो. रायफलीचे नेमके उलटे आहे. तिच्यातली प्रत्येक झीज, प्रत्येक कण, गोठलेला ग्रीसचा प्रत्येक थेंब तिला बहुधा एकाच दिशेला ढकलतो, आणि ती दिशा म्हणजे बार उडणे. ताणलेली स्प्रिंग कधी झोपत नाही. म्हणून खटक्याने बोट अडवले की काम झाले, हा विचार मला मुळातच अपुरा वाटतो. अडवायचा तो घोडा आणि पिन.

हे कारखान्यांना माहीत नाही असे नाही. चांगले माहीत आहे, आणि खूप पूर्वीपासून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ साली, अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर स्मिथ अँड वेसन कंपनीचे रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडले, उडाले आणि एक खलाशी मेला. आत घोड्याला अटकाव होता, पण गोठलेल्या ग्रीसमुळे तो जागेवर आलाच नव्हता. नौदलाने कंपनीला सांगितले, हे चालणार नाही. कंपनीच्या कारागिरांनी थोड्याच दिवसांत नवा अटकाव बेतला. तो स्प्रिंगच्या मेहेरबानीवर न ठेवता यंत्राच्या हालचालीलाच जोडला, आणि १९४५ च्या सुरुवातीपासून तो बसवून माल जाऊ लागला. प्रकरण मिटले.

त्याच सुमारास रेमिंग्टन या दुसऱ्या प्रसिद्ध अमेरिकी कंपनीत माइक वॉकर नावाचे अभियंते शिकारी रायफलीसाठी नव्या प्रकारचा चाप तयार करत होते. ही रायफल अर्धस्वयंचलित नव्हे, हाताने बोल्ट ओढायची. पण खटक्याचा प्रश्न तोच, आणि कागदपत्रे इतकी उघड झालेली दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही, म्हणून ती सांगतो. चाप हलका आणि नेमका व्हावा म्हणून वॉकर यांनी चाप आणि दात यांच्यामध्ये एक सुटा तुकडा बसवला. तो चापाला जोडलेला नव्हता, नुसत्या स्प्रिंगने टेकलेला होता. प्रत्येक बाराला तो चापापासून क्षणभर दूर होई आणि पुन्हा जागेवर येई. त्या क्षणभराच्या फटीत धूळ, गोठलेले तेल, बर्फाचा कण असे काही शिरले, तर तुकडा पूर्ण जागेवर येत नसे. खटका लावला की दात उचलून धरला जाई, त्यामुळे काही कळत नसे. खटका काढला की दात त्या तुकड्यावर टेकायचा, पण तुकडा तर जागेवर नाही. बार. चापाला बोटही न लावता. म्हणजे ज्या हालचालीने माणूस सावधपणे रायफल रिकामी करू पाहतो, नेमक्या त्याच हालचालीने ती उडायची.

कंपनीच्या तपासणीत हे १९४७ सालीच दिसले होते, रायफल बाजारात यायच्या आधी. १९४८ मध्ये वॉकर यांनीच एक सुधारणा सुचवली. खर्च येणार होता एका रायफलीमागे साडेपाच सेंट. ती स्वीकारली गेली नाही. १९६२ साली तोच चाप घेऊन 'मॉडेल ७००' आली आणि जगातल्या सर्वात खपणाऱ्या शिकारी रायफलींत जाऊन बसली. पुढे तक्रारी आल्या, दावे झाले. १९७९ साली कंपनीच्या बैठकीत हिशेब मांडला गेला. सुमारे वीस लाख रायफली बाहेर, त्यातल्या एक टक्क्यात, म्हणजे वीस हजारांत, खोट निघण्याची शक्यता. वीस हजारांसाठी वीस लाख परत बोलवायच्या का? उत्तर 'नाही' असे आले.

हा हिशेब वाचताना मी बराच वेळ थांबलो. आकड्यात चूक नाही. बँकेत बुडीत कर्जांसाठी आम्ही याच रीतीने तरतूद करत असू. शंभरातले एक खाते बुडेल, त्याचा भार नव्याण्णव खात्यांवरच्या व्याजातून निघेल. कर्जाच्या बाबतीत ते शहाणपणाचे आहे, कारण बुडतो तो पैसा आणि तो बँकेचाच असतो. इथे बुडणार होते ते दुसऱ्याच कोणाचे तरी मूल. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये मोन्टाना राज्यात एक कुटुंब शिकारीहून परतले. आई रायफल रिकामी करत होती. त्या रायफलीच्या बनावटीत रिकामी करण्यासाठी खटका काढावाच लागे. तिने खटका काढला, बार उडाला, गोळी घोड्यांच्या ट्रेलरमधून आरपार गेली आणि पलीकडे असलेला तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या वडिलांनी पुढची अनेक वर्षे कंपनीची जुनी कागदपत्रे शोधण्यात घालवली. आज आपल्याला हे तपशील माहीत आहेत त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

कंपनीने अखेरपर्यंत दोष मान्य केला नाही. माणसे हाताळणीत चुकतात, देखभाल करत नाहीत, नळी नको तिकडे धरतात, असे तिचे म्हणणे. यातले शेवटचे वाक्य खरेच आहे, पण त्याने पहिला प्रश्न सुटत नाही. सामुदायिक दाव्यात तडजोड झाली, २०१७ मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली, अपिलात २०१८ मध्ये ती टिकली. सुमारे पंचाहत्तर लाख बंदुका त्यात बसत होत्या आणि मालकांना बहुतेकांचे चाप फुकट बदलून मिळणार होते. मंजुरीच्या वेळेपर्यंत दावे आले होते जेमतेम बावीस हजार. बदलून द्यायचा तो नवा चाप २००६ साली आला होता, आणि त्यातही जादा चिकटद्रव्य राहिल्यामुळे २०१४ साली तो माघारी बोलवावा लागला होता! कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली.

नौदलाच्या रिव्हॉल्व्हरसाठी काही दिवस, शिकाऱ्याच्या रायफलीसाठी सत्तर वर्षे. दोन्ही कंपन्या अमेरिकी, दोघींचे कारागीर कुशल, काळ एकच. फरक खरेदीदाराचा आहे. नौदल माल नाकारू शकत होते. एकटादुकटा शिकारी नाकारणार कसा? आणि त्याच्या बाजूने नाकारणारे कोणी सरकारात नव्हते. हा अमेरिकेच्या कायद्याचा अजब भाग आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी तिथे १९७२ साली एक आयोग नेमला गेला. खेळणी, पाळणे, इस्त्र्या, कुकर यांतले काहीही धोकादायक आढळले तर तो बाजारातून काढून घ्यायला लावतो. बंदुका आणि काडतुसे मात्र त्याच्या कक्षेतून वगळली आहेत. मुलाच्या हातातली खेळण्यातली बंदूक तो आयोग तपासतो, वडिलांच्या कपाटातली खरी बंदूक त्याला तपासता येत नाही.

आपल्याकडे काय? अमेरिकेसारखी बंदुकांची बजबजपुरी आपल्याकडे नाही, आणि ती नाही हे मोठेच भाग्य. १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे आणि त्याखालच्या नियमांमुळे अर्धस्वयंचलित रायफल सामान्य नागरिकाला मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे राहिली, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले. हे सगळे चांगले आहे. पण नीट पाहिले तर यातली प्रत्येक तरतूद माणसाबद्दल आहे. कोणाकडे असावे, किती असावीत, कुठे चालवू नये. यंत्राची तपासणी होते ती मुख्यतः 'प्रूफ'ची, म्हणजे जादा दाबाचे काडतूस उडवून नळी फुटत नाही ना हे पाहण्याची. नळी फुटू नये हे खरेच. पण घरातल्या माणसाला, बोळातल्या कॅशियरला आणि शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला दुसरी खात्री हवी असते. नको तेव्हा ही उडणार नाही ना, एवढीच.

बँकेत रखवालदाराच्या बंदुकीचा एक तक्ता असे. परवाना क्रमांक, नूतनीकरणाची तारीख, काडतुसे किती, साफसफाई झाली का, बंदूक चालू स्थितीत आहे का. शेवटच्या रकान्यात 'होय' लिहिलेले असे. चालू स्थितीत म्हणजे चाप ओढला तर उडते. एका शाखेत जेवणाच्या सुट्टीत दुनळी भिंतीला टेकवली होती ती घसरून पडली आणि छर्रे छतात गेले. कोणाला लागले नाही. चौकशीत रखवालदार म्हणाला, सेफ्टी लावलेली होती. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही आणि त्याची बदली झाली. वरच्या अंगठ्याने सरकवायचा तो खटका त्या दुनळीत फक्त चाप अडवतो, ती जुनी झालेली असेल तर धक्क्याने घोडा सुटू शकतो, हे चौकशी करणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. बंदूक तीच राहिली.

माझ्या ओळखीचा दुसरा एक रखवालदार होता, साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. तो खटक्याला मानतच नसे. शाखेत शिरताना बंदूक मोडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे दाखवून मगच स्टुलावर बसे. "साहेब, सेफ्टी लावली म्हणजे तिला म्हटलं, बाई, जरा गप बस. ती ऐकंलच असं नाय," असे तो म्हणे. काडतुसे खिशाच्या पट्ट्यात. दरोडा पडला तर भरायला वेळ लागेल, असा आक्षेप एका अधिकाऱ्याने घेतला, तेव्हा त्याने घड्याळ लावून भरून दाखवले होते. पोलिसांतही नळीत काडतूस न ठेवता पहारा देण्याची आणि पहारा बदलताना वाळूच्या पोत्याकडे नळी धरून रायफल रिकामी करण्याची शिस्त आहे. जिथे ती पाळली जाते तिथे खटका हा तिसरा-चौथा अटकाव असतो, पहिला नव्हे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या आणि दोन माणसे का लागतात? एका माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि एका कुलपाच्या लहरीवर पैसा ठेवू नये म्हणून. पैशाबाबत आपण इतके संशयी आहोत.

पण शिस्तीवर सगळे सोडून कारखान्याला मोकळे करणे मला पटत नाही. रेमिंग्टनचे म्हणणे नेमके हेच होते. आणि आपल्यापुढे हा प्रश्न आता मोठ्या आकारात येतो आहे. उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा इथे एके-२०३ रायफली बनू लागल्या आहेत. २०२१ च्या डिसेंबरात झालेला करार सहा लाखांहून अधिक रायफलींचा आहे. सिग सावर कंपनीच्या ७१६ रायफली लष्कराने २०१९ मध्ये ७२ हजारांवर घेतल्या, २०२४ मध्ये आणखी ७३ हजारांचा करार केला. खासगी कारखान्यांनाही शस्त्रनिर्मितीचे परवाने मिळतात. एवढी हत्यारे छावण्यांत, ठाण्यांत, रेल्वे स्थानकांवर वावरणार, म्हणजे आपल्या आसपास. लष्कर हा आपल्याकडचा 'नौदला'सारखा खरेदीदार आहे, तो माल परत पाठवू शकतो. पण जुनी होऊन राज्यांच्या पोलिसांकडे, तिथून राखीव साठ्यात जाणाऱ्या हत्याराला वीस वर्षांनी कोण तपासणार?

रेल्वेचा अपघात झाला की चौकशीला येतात रेल्वे सुरक्षा आयुक्त, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. ज्याच्या घरची चौकशी त्याच्याच ताटात जेवू नये, हा त्यामागचा शहाणा विचार. शस्त्रांसाठी एवढे मोठे खाते नको. पण 'अपघाताने गोळी सुटली' अशी नोंद जिथे जिथे होते, ठाण्यात, छावणीत, बँकेत किंवा परवानाधारकाच्या घरात, तिथले हत्यार कारखान्याशी संबंध नसलेल्या कारागिराने उघडून पाहावे, आत काय झिजले होते ते लिहावे, आणि ती टिपणे एकत्र एका ठिकाणी जमा व्हावीत, एवढे करता येईल. आज अशा घटनेत पंचनामा होतो तो माणसाचा. त्याचा हात कुठे होता, त्याने मद्य घेतले होते का, त्याचे कोणाशी वैर होते का. हत्यार मुद्देमाल म्हणून सील होते. ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते तेव्हाही बहुधा विचारणा असते ती गोळी याच नळीतून सुटली का, एवढीच.

ज्यांच्या घरी वडिलोपार्जित परवान्याचे हत्यार आहे, आणि कोकणात, विदर्भाच्या जंगलपट्ट्यात शेतराखणीसाठी अशी घरे पुष्कळ आहेत, त्यांना एक सांगावेसे वाटते. जुनी दुनळी किंवा रिव्हॉल्व्हर भरून कपाटात ठेवू नका, खटका कितीही चांगला असला तरी. वर्षातून एकदा परवानाधारक शस्त्रदुरुस्तीवाल्याकडे न्याल तेव्हा नळी चकचकीत झाली का हे पाहून परत फिरू नका. ती रिकामी करून, घोडा ताणून, खटका लावून, रबरी मुठीने चारी बाजूंनी ठोकून दाखवायला सांगा, घोडा सुटतो का ते पाहा. मग खटका काढताना सुटतो का, तेही पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. आणि बँकांच्या त्या तक्त्यात 'चालू स्थितीत आहे का' या रकान्याशेजारी, खटका लावून पडली तर बंद राहते का, हे विचारणारा आणखी एक रकाना आखायला काहीच अडचण नाही. कागद पुरेसा रुंद आहे, मी तो वर्षानुवर्षे पाहिलेला आहे.